भिंगबाई आणि अर्धा पत्ता

सासूने सुनेच्या चुका काढाव्यात यात नवल ते काय! पण त्या कामाचा दरमहा पगार घेणारी सासू अख्ख्या इमारतीत एकच, तिसऱ्या मजल्यावरच्या भिंगबाई. बाकीच्या सासवा हे काम फुकट करतात आणि वर बोलणी खातात.

भिंगबाई हे नाव त्यांना ऑफिसने दिलं आणि इमारतीने ते आनंदाने उचललं. नाव पडण्याचं कारण सरळ आहे. बाईंच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग असतं. जिन्यात भेटल्या तरी आधी भिंग दिसतं, मग बाई दिसतात. या ऑफिसात येण्याआधी वीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली. कथा-कादंबऱ्यांची नव्हेत हं, त्यांत चुकलं तर काय, नायिकेचे डोळे दोन पानं निळे आणि तिसऱ्या पानावर काळे. बाई तपासायच्या ती कोष्टकं. गाड्यांची वेळापत्रकं, भरती-ओहोटीचे तक्ते, औषधांच्या मात्रांच्या याद्या. एक आकडा हलला की कुणीतरी फलाटावर ताटकळणार, नाहीतर कुणाची तरी होडी चिखलात रुतणार.

त्यांची तपासायची रीतही त्यांचीच. जुना कागद आणि नवा कागद एकावर एक ठेवायचे, दोन्ही खिडकीच्या काचेला टेकवायचे आणि उजेडात आरपार बघायचं. आकडा आकड्यावर चपखल बसला तर एकच कागद असल्यासारखं दिसतं. नाही बसला तर तिथे काळा डाग दिसतो. भिंग फक्त त्या डागासाठी. या रीतीत एकच अट होती, रकाने दोन्ही कागदांवर तंतोतंत त्याच जागी हवेत. त्यामुळे रकाना केसभर सरकलेला दिसला की बाई कागद परत पाठवायच्या.

छापखाना बंद पडला तेव्हा बाई बेचाळीस वर्षांच्या. शेजाऱ्यांचा अंदाज होता की आता त्या स्वेटर विणतील. बाई गेल्या कॉम्प्युटरच्या क्लासला. तिथली पोरं आपल्या मुलाच्या वयाची, मास्तर त्याहून लहान. त्यांनी प्रोग्राम लिहायची सी ही भाषा शिकायला घेतली. एक अर्धविराम विसरला की सगळा कारखाना ठप्प, हे कळल्यावर बाईंना माहेरी आल्यासारखं वाटलं म्हणे. पुढे भरतकामाची मशीनं बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांना तपासणी विभागात घेतलं, आणि त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत बाईंचा एकही कागद खोटा ठरला नाही. त्यांनी चूक म्हटली की चूक. प्रोग्रामर लोक त्यांना घाबरतात, पण चहाला बोलवायला विसरत नाहीत.

सून आली ती चष्म्याच्या वाटेने. बाईंचे चिरंजीव चष्म्याचं दुकान चालवतात. ही मुलगी चष्मा करायला आली, नंबर तपासायला परत आली, काडी सैल झाली म्हणून परत आली, आणि काडी अजिबात सैल नाही हे दोघांनाही ठाऊक असताना पाचव्यांदा आली तेव्हा चिरंजीवांनी घरी सांगून टाकलं. मुलगी प्रोग्रामर निघाली. तिची आधीची कंपनी दुसऱ्या गावी गेली, आणि ही भरतकामवाल्यांकडे लागली, वर्षभराच्या बोलीवर. वर्ष नीट गेलं तर कायम, नाहीतर नमस्कार.

म्हणजे सून प्रोग्राम लिहिणार आणि सासू त्यातल्या चुका काढणार. घरात आणि ऑफिसातही! इमारतीतल्या लोकांनी पहिले दोन महिने कान टवकारून काढले.

पण बाई पडल्या शिस्तीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम केला, ऑफिसच्या दारापर्यंत अगं-तुगं, दाराच्या आत अहो-जाहो.

"मॅडम, तुमच्या बेचाळिसाव्या ओळीत धागा संपल्याची सूचना दोनदा जातेय," बाई दुपारी म्हणायच्या.

"बघते, मॅडम," सून म्हणायची.

आणि संध्याकाळी तीच जोडी जिना चढताना, "अगं, किल्ली काढ लवकर, पाय गेले माझे," आणि "आई, किल्ली तुमच्याच पर्समध्ये आहे, सकाळपासून."

चिरंजीवांना कुणी विचारलं, की घरात न्याय कोण करतं, तर ते म्हणायचे, "मला मध्ये घेऊ नका. दोन काचांच्या मधल्या नाकाचे हाल मी रोज दुकानात बघतो."

सगळं असं सुखात चाललेलं असताना कंपनीने मशीनचा मेंदू बदलला.

आता हा मेंदू म्हणजे प्रोसेसर, आणि त्याला जोडलेली मेमरी. मेमरी म्हणजे खोल्याच खोल्या असं समजा. फुलाची नक्षी एका खोलीत, सुईने कुठे टोचायचं त्याची यादी दुसऱ्या खोलीत. प्रत्येक खोलीला पत्ता. सी भाषेत हे पत्ते हातात धरून फिरायची सोय आहे, त्याला पॉइंटर म्हणतात. पत्ता दिसतो आकड्यांसारखाच, फक्त त्यात मधूनच ए-बी-सी-डी घुसलेली असते. कुठली खोली कुणाला दिली आणि कुणी परत केली याची नोंद छापणारा छोटा प्रोग्राम भिंगबाईंनी नोकरीला लागल्या लागल्या स्वतः लिहिला होता. त्यातला पत्त्याचा रकाना आठ घरांचा, एका घरात एक आकडा नाहीतर एक अक्षर. जुन्या मेंदूचे सगळे पत्ते आठ घरांत मावायचे, एकही घर कमी नाही, एकही जास्त नाही. ओळंबा लावून बांधलेली भिंत जणू. बाईंना तो रकाना इतका आवडायचा, की नवीन माणूस ऑफिसात आला की त्या त्याला आधी पाण्याचं विचारायच्या आणि लगेच रकाना दाखवायच्या.

नव्या मेंदूत खोल्या वाटायचं काम सुनेने लिहिलं. तिचं वर्ष शुक्रवारी भरणार होतं. सोमवारी तपासणीचा पहिला कागद निघाला.

बाईंनी तो काचेला लावला. मग खाली घेतला. भिंग लावलं. मग पुन्हा काचेला लावला. एकच पत्ता एकाच वेळी दोघांना दिलेला! खाली आणखी एक. त्याच्या खाली आणखी. मोजले तर एकशे बारा. म्हणजे एकाच खोलीत दोन दोन भाडेकरू, आणि दोघांनाही सांगितलेलं की खोली तुमचीच, खुशाल सामान लावा. प्रोग्रामरच्या हातून होणाऱ्या गुन्ह्यांत हा खुनाच्या खालोखाल.

बाईंनी तपासणी तीन वेळा केली. तिन्ही वेळा एकशे बारा. मग त्यांनी दोषपत्र भरलं. कंपनीत प्रत्येक चुकीचं असं पत्र भरावं लागतं. भरताना त्यांचं पेन एकदा अडलं, असं शेजारच्या टेबलावरच्यांनी पाहिलं, पण अडलं तेवढंच.

सुनेने कागद वाचला. "मॅडम, हे होऊच शकत नाही."

"कागदावर आहे."

"मग कागद..." सून म्हणाली आणि पडद्याकडे वळली. भिंगबाईंचा कागद खोटा आहे असं म्हणायची जीभ त्या ऑफिसात आजवर कुणाची उचलली नव्हती, आणि ही तर त्याच बाईंच्या हातचा चहा पिऊन निघालेली.

साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. साहेब तसे मऊ माणूस, पण नव्या मशीनच्या काळजीने ते आठवडाभर नखं खात होते.

"भिंगबाईंचा कागद आहे, म्हणजे वाद संपला," ते सुनेला म्हणाले. "शुक्रवारपर्यंत चूक शोधा. नाही सापडली तर तुमचा भाग काढून दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. आणि मग तुम्हाला कायम करण्याची शिफारस मला करता येणार नाही. वाईट वाटतंय मला."

"हो सर," सून म्हणाली.

आता बाई तरी काय म्हणणार? कागद त्यांचाच.

त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरून भांडणाचा आवाज आला नाही. मंगळवारीही आला नाही. मजल्यावरची मंडळी काळजीत पडली. भांडण ऐकू आलं असतं तर जीव भांड्यात पडला असता. नुसता चमच्यांचा आवाज येत होता, आणि तोही हळू. भिंती पातळ आहेत, त्याला कोण काय करणार.

"आई, माझा तुमच्यावर राग नाही," सून जेवताना म्हणाली.

"मग रागाव की," बाई म्हणाल्या. "दोन शब्द बोल मला. निदान घास तरी उतरेल."

"तुम्ही तुमचं काम केलंत."

"ते तर केलंच," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच ते वाक्य खारट लागलं.

चिरंजीव ताटाकडे बघून म्हणाले, "मी काही बोलत नाहीये, हे कुणाच्या लक्षात आलंय का?"

"आलंय," दोघी एकदम म्हणाल्या. दोन दिवसांतलं घरातलं तेवढंच एकमत.

बुधवारी सकाळी बाईंच्या टेबलापाशी मशीनमामा आले. नमुन्याच्या मशीनवर बसणारा माणूस. हातात सुया, खिशात धाग्याची रिळं, आणि तोंडात अखंड गाणं. त्यांनी बाईंच्या कागदांवर एक रुमालभर कापड पसरलं. कापडावर कोंबडा.

"बघा हा आमचा राजा," मामा म्हणाले. "नव्या मेंदूवर काढलाय. चाळीस हजार टाके. तुऱ्यात सहा रंग. सुई एकदा अडली नाही, धागा एकदा तुटला नाही."

"मामा, त्या मशीनमध्ये एकशे बारा ठिकाणी घोटाळा आहे," बाई म्हणाल्या.

"असेल हो तुमच्या कागदावर. राजाला काही कुणी सांगितलेलं दिसत नाही."

मामा गाणं म्हणत निघून गेले. बाईंनी हसून कापड बाजूला सारलं, परत ओढलं आणि भिंग लावलं. तुरा बघितला. चोच बघितली. शेपटाचं एकेक पीस बघितलं. टाक्याला टाका लागून, एकही वावगा नाही.

बाईंचं हसू हळूहळू गेलं.

छापखान्यात एकदा छपाईवाल्याने एका ओळीवर दुसरी ओळ छापली होती. कसला सावळा गोंधळ झाला होता! दोन्ही ओळी गेल्या, नुसती शाई उरली. एका जागी दोन गोष्टी बसवल्या की असंच होणार, त्याला इलाज नाही. मग नक्षीच्या खोलीत जर खरंच सुईच्या यादीने सामान लावलं असतं, तेही एकशे बारा खोल्यांत, तर या कोंबड्याचं शेपूट चोचीतून निघायला हवं होतं. निदान एक डोळा तरी पायाला हवा होता. आणि हा तर असा ऐटीत उभा, की आत्ता आरवेल!

म्हणजे कापड म्हणतंय सगळं ठीक, कागद म्हणतो घोटाळा. दोघांतलं एक खोटं बोलतंय. कापडाला तर खोटं बोलता येत नाही.

बाई उठून सुनेच्या टेबलापाशी गेल्या. सून दोन रात्री झोपली नसावी असे डोळे घेऊन पडद्यात बुडाली होती.

"मॅडम, नक्षीच्या पहिल्या खोलीचा पत्ता वाचून दाखवता का? तुमच्या पडद्यावरून, माझ्या कागदावरून नको."

सुनेने वाचला. "आठ शून्यं, मग आठ, मग सात शून्यं."

"आणि सुईच्या यादीच्या पहिल्या खोलीचा?"

"सात शून्यं, एक आठ, मग पुन्हा आठ आणि सात शून्यं. का हो मॅडम?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "चालू द्या."

दोन्ही पत्ते त्यांनी तळहातावर लिहून घेतले होते. जागेवर येऊन त्यांनी तळहात कागदाशेजारी धरला. पत्ते सोळा घरांचे. कागदावर छापलेले आठ घरांचे. दोन्ही पत्त्यांचा उजवा अर्धा भाग हुबेहूब एक, डावा अर्धा वेगळा. आणि कागदावर होता फक्त उजवा.

मग त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा तो छोटा प्रोग्राम उघडला. आपल्याच हातची ओळ. पत्ता घ्यायचा, तो साध्या पूर्णांकात कोंबायचा, आणि आठ घरांत छापायचा, म्हणजे रकाना सुबक येतो. जुन्या मेंदूत तो कोंबायला लागायचाच नाही, अलगद मावायचा. नव्या मेंदूत पत्त्याची डावी बाजू मुकाट्याने गळून पडत होती. नव्या मेंदूला मेमरीची दोन कोठारं होती. समजा, दोन वेगळ्या इमारतींत तीनशे चार नंबरची एकेक खोली आहे. रकान्याने दोन्हीकडची इमारतीची नावं कापली, आणि मग आरडाओरडा केला की बघा, बघा, एकाच तीनशे चारमध्ये दोन बिऱ्हाडं!

बरं, कॉम्प्युटरने सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं की! नव्या मेंदूसाठी प्रोग्राम तयार करताना तो बजावत होता, की पत्ता मोठा आहे, पूर्णांक छोटा आहे, काहीतरी सांडतंय. पण त्या फाइलपुरत्या या सूचना पडद्यावर दाखवणं बंद होतं. कुणी केल्या होत्या बंद? बाईंनीच, अकरा वर्षांपूर्वी. भुणभुण करतात म्हणून.

बाईंची कानशिलं गरम झाली. घड्याळ बघितलं तर जेवणाची सुट्टी. पंचेचाळीस मिनिटं.

आता इथे बाईंची बाजू घ्यायला हवी, कारण पुढची पंचेचाळीस मिनिटं त्यांनी काय विचार केला ते त्यांनी स्वतःच पुढे सगळ्या मजल्याला सांगितलं, आणि हसत सांगितलं. डबा उघडला, पण घास हातातच राहिला. एक विचार असा आला, की ओळ गुपचूप बदलावी. नवा कागद काढावा. एकशे बाराचे शून्य होतील. साहेबांना सांगावं, पुन्हा तपासलं, आता ठीक दिसतंय. सून सुटेल, कायम होईल, आपली अकरा वर्षंही शाबूत राहतील. कोण विचारतंय? कुणाच्या बापाला कळणार नाही. विचार इतका सोयीचा होता की बाईंना जवळजवळ भूक लागली.

कसेबसे चार घास खाऊन डबा धुवायला त्या निघाल्या. वाटेत सुनेचं टेबल. सून जेवायला गेलीच नव्हती. तिने आपला खोल्या वाटण्याचा भाग उघडला होता आणि त्यातल्या ओळी खोडत होती. एकेक ओळ, नीट वाचून, मग खोडत होती. जिथे काही चुकलेलं नव्हतं तिथे चूक शोधता शोधता तिने आपलंच बरोबर काम चुकीचं मानलं होतं.

प्रुफं तपासणाऱ्याला राहिलेली चूक सलते, हे सगळे जाणतात. पण बरोबर ओळीवर काट मारलेली बघणं म्हणजे काय, ते त्यालाच विचारा.

"अगं थांब!" बाई ओरडल्या. "हात काढ! हात काढ आधी त्याच्यावरून!"

डबा खाली पडला, झाकण घरंगळत थेट मशीनमामांच्या पायापर्यंत गेलं. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. दाराच्या आत अगं-तुगं! अकरा महिने आणि काही दिवस पाळलेला नियम भर दुपारी मोडला होता.

"आई?" सून म्हणाली. तीही नियम विसरली.

"एक ओळ खोडू नकोस. खोडलेल्या परत आण. तुझं सगळं बरोबर आहे. चूक माझी आहे."

केबिनचं दार उघडून साहेब बाहेर आले. "काय झालं? कुणाची चूक?"

"माझी," बाई म्हणाल्या. "मोठ्याने सांगू का अजून?"

"नको, नको, पोचलं. पण भिंगबाई, तुमची? कसं शक्य आहे?"

बाईंनी तळहात पुढे केला, कागद दाखवला, दोन इमारती, दोन तीनशे चार, कापलेली नावं, बंद केलेल्या सूचना, सगळं एका दमात सांगितलं. कोंबडाही दाखवला. साहेबांना आधी समजायला वेळ लागला. मग समजलं. मग त्यांनी नखं खाणं थांबवलं.

"म्हणजे अकरा वर्षांत ही तुमची पहिली चूक," ते म्हणाले.

"पहिली सापडलेली," बाई म्हणाल्या. "झालेल्या किती, ते कुणी मोजलंय?"

ऑफिस हसलं. सगळ्यांत मोठ्याने एक प्रोग्रामर हसला, ज्याच्या नावावर बाईंनी आजवर तीसेक दोषपत्रं भरली होती. त्याला हसू दिलं पाहिजे. सून मात्र हसत नव्हती. ती खुर्चीत मागे टेकून छताकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "आई, मला वाटायला लागलं होतं की मला काहीच येत नाही," ती म्हणाली. बाईंनी पुढे होऊन आपल्या बाहीने तिचा चष्मा पुसला. चष्मा आणखी मळला. चिरंजीव तिथे असते तर ओरडले असते, की काच बाहीने पुसायची नसते.

दुपारी दोघी एकाच पडद्यापुढे बसल्या. आता ओळ दुरुस्त करायची. सी भाषेत पत्ता छापायला एक तयार खूण आहे, परसेंट पी.

"बस, तेच लाव, मोकळे होऊ," बाई म्हणाल्या.

सुनेने लावलं आणि तीन मशीनवर छापून आणलं. एका मशीनने पत्त्यापुढे शून्य आणि एक्स जोडला, इंग्रजी अक्षरं छोट्या लिपीतली. दुसऱ्याने काही जोडलं नाही, अक्षरं मोठी, पुढची रिकामी घरं शून्यांनी भरलेली. तिसऱ्याला कुठेच न जाणारा रिकामा पत्ता दिला, तर त्याने आकडेच छापले नाहीत. कंसात "काही नाही" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द छापून दिला. तिन्ही कागद काचेला लावले तर रकाने उधळलेल्या पत्रावळींसारखे चहूकडे!

"ही भिंत आहे की वरात?" बाई कळवळल्या.

"सी एवढंच म्हणते, की पत्ता छापा. कसा छापायचा, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर."

"म्हणजे गणवेश सक्तीचा, पण तो कसा शिवायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं!"

"अगदी तसंच. नुसता पत्ता बघायचा असेल तर चालेल. पण तुम्हाला रकाना हवाय."

"मला रकाना हवाच आहे. म्हातारपणी दुसरं काय मागितलं तुमच्याकडे?"

मग सुनेने दुसरी युक्ती दाखवली. सी भाषेत पूर्णांकाचा एक खास प्रकार आहे. त्याचं काम एकच, ज्या मेंदूत असेल तिथल्या पत्त्याला पुरेल एवढं रुंद असणं. कुठे आठ घरं, कुठे सोळा, आपण ठरवायचं नाही. पत्ता त्यात ठेवायचा, आणि त्याच्या जोडीला मिळणारी छापायची खूण वापरायची. घरं किती, तेही मशीनलाच विचारायचं. पत्ता किती बाइटचा, त्याची दुप्पट.

"दुप्पट का?" बाईंनी विचारलं.

"एका बाइटला दोन घरं लागतात."

बाईंनी बोटांवर करून बघितलं. "बरोबर आहे. लिही."

"तुम्हीच लिहा. तुमची फाइल आहे."

बाईंनी लिहिलं. सुनेने सूचना पुन्हा चालू केल्या, तेव्हा एकदम सदतीस सूचना आल्या. छत्तीस फालतू आणि एक ही. बाईंनी सदतिसावीकडे असं बघितलं जसं वेळेवर निरोप सांगूनही न ऐकल्याबद्दल टोचणाऱ्या नणंदेकडे बघावं.

नवे कागद निघाले. जुन्या मेंदूचा आठ घरांचा, नव्याचा सोळा घरांचा, अक्षरं सगळीकडे छोट्या लिपीतली, पुढे शून्यं भरलेली, रिकामा पत्ता म्हणजे नुसती शून्यं, कंस नाही की शब्द नाही. सोळा घरं उभ्या कागदात मावेनात, म्हणून कागद आडवा केला. बाईंनी तो काचेला लावला आणि रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. एकशे बारा घोटाळ्यांचा मागमूस नव्हता.

"किती?" साहेबांनी केबिनमधून विचारलं.

"शून्य!" बाई ओरडल्या. "सोळा घरं भरून शून्य!"

शुक्रवारी सूनबाई कायम झाली. साहेबांनी कागदावर सही करताना सांगितलं, की भिंगबाईंनी तीन वेळा तपासूनही ज्या कामात एकही खरी चूक सापडली नाही, त्यापेक्षा चांगली शिफारस या ऑफिसात नाही. मशीनमामांनी कोंबडा सुनेला भेट दिला. मग म्हणाले, सासूलाही दिला पाहिजे, आणि मशीनवर दुसरा काढायला बसले.

पण कंपनीचा नियम म्हणजे नियम. चूक झाली की दोषपत्र. आणि चूक करणाऱ्याने स्वतःचं दोषपत्र स्वतः भरायचं नाही. ते भरायचं आलं सुनेवर. तिने ऑफिसात टाळलं, तर बाईंनी कोरा कागद घरी आणला आणि जेवणानंतर टेबलावर ठेवला.

"भर," त्या म्हणाल्या.

"आई, सोमवारी भरते."

"आत्ता. चुका शिळ्या होऊ देऊ नयेत."

सुनेने चुकीचं वर्णन लिहिलं. मग रकाना आला, चूक किरकोळ, मध्यम की गंभीर. तिने मध्यमवर खूण केली.

"मध्यम?" बाईंचा आवाज चढला. "एका मुलीची नोकरी चालली होती!"

"गेली नाही ना."

"एकशे बारा खोटे आळ घेतले मी!"

"माझ्यावरच घेतलेत ना? मग मी म्हणते मध्यम."

"गंभीर लिही."

"नाही लिहिणार."

"मोठ्यांचं ऐकायचं असतं!"

"मी आता कायम आहे, आई. मी कुणाचं ऐकत नाही."

हा आवाज भिंतीतून आला तेव्हा अख्ख्या मजल्याने सुटकेचा निःश्वास टाकला. पलीकडच्या घरात तर कुणीतरी टीव्हीचा आवाज मुद्दाम बारीक केला. चिरंजीव मध्यस्थी करायला उठले, दोघींनी एकदम वळून बघितलं, आणि ते परत बसले.

अखेर सुनेने गंभीरवर खूण केली. पण हार मानताना तिने डाव साधला. शेवटचा रकाना होता, पुन्हा असं होऊ नये म्हणून उपाय. तिथे तिने ठळक अक्षरांत लिहिलं, "तपासणी विभागातील ज्येष्ठांनी कॉम्प्युटर काही सांगत असेल तर त्याला गप्प बसवू नये. सुनेला तर मुळीच नाही."

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे जरा जास्तच होतंय हं," त्या म्हणाल्या.

"खोडू का?"

"राहू दे," बाई म्हणाल्या, आणि सही केली. सही जरा वाकडी आली, कारण हसण्याने त्यांचा हात हलत होता.